बारा नावांची एक फुंक

"हा टीबी नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काम काय करता?"

सात महिने टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी सांगितलं, दगड कापतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचा. बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या उंच उंच इमारतींत पांढरे चकचकीत ओटे बसतात ना, ते इकडे आनेकलच्या आमच्या शेडमध्ये कापतात.

"पाणी मारून की कोरडं?"

कोरडंच. पाणी मारलं की चिखल होतो, काम मागं पडतं.

त्यांनी कॉम्प्युटरवर माझा सीटी स्कॅन दाखवला. काळ्या फुफ्फुसात पांढरे ठिपके, तांदूळ सांडल्यासारखे. म्हणाल्या, ह्याला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची बारीक धूळ आत जाऊन बसते, तिच्याभोवती गाठी धरतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. मी विचारलं, किती दिवसांत बरं होईल? त्या माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "बरं होत नाही. आहे तिथं थांबवायचा प्रयत्न करू. पण आजपासून धूळ बंद."

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण तुमच्यात कुणी दगड कापत असेल, घासत असेल, तर त्यानं हे वाचावं. खोकला जात नसेल, थुंकी तपासून टीबीचा जंतू सापडत नसेल, तर छातीच्या मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टर विचारो न विचारो, आपलं काम सांगा. मी आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. लाज वाटायची.

दुसरं कारण खरं सांगतो. मला परशाअण्णाचा सूड घ्यायचा आहे.

परशाअण्णा आमचा ठेकेदार. माझ्या निपाणीकडच्या गावाशेजारचा. त्यानंच मला बेंगळुरूला आणलं. त्याआधी मी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. आमच्या बँडची एक रीत होती. लग्नवाल्यानं बारा माणसं ठरवलेली असायची आणि वाजवणारे पाचच. बाकीचे सात जण वाद्य तोंडाला लावून नुसते गाल फुगवायचे. वरात खूश, मालक खूश. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं.

शेडमध्ये वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. तिच्यात पीएफटीचं मशीन असायचं. पीएफटी म्हणजे एका नळीत जिवाच्या आकांतानं फुंकायचं, मग छातीत किती दम आहे ते कागदावर उमटतं. तीन वर्षांमागं गाडी आली तेव्हा अण्णा म्हणाला, बारा जणांनी काम सोडून रांग लावायची म्हणजे अर्धा दिवस गेला. शिवाय एखादा नापास झाला तर त्याला घरी पाठवावं लागेल. "दत्तू, तू बँडवाला ना? फुंक की सगळ्यांच्या नावानं."

मी फुंकलं. गाडीतल्या माणसानं मान वर केली नाही. अण्णा एकेक नाव सांगत गेला आणि मी फुंकत गेलो. मधे मधे चहा प्यालो. बारा जण नॉर्मल. पोरांनी मला उचलून घेतलं. मल्लाप्पा माझ्या खोलीतला, वयानं मोठा, बुटका, तो म्हणाला, आज माझ्यात क्लॅरिनेट शिरली बघ. त्या दिवशी बिर्याणी होती. इतका अभिमान मला वरातीतही कधी वाटला नव्हता.

पुढच्या दोन्ही वर्षी मीच फुंकलं. तिसऱ्या वर्षी शेवटच्या चार नावांना मला घेरी आली. अण्णा म्हणाला, स्वल्प बसून घे, मग फुंक.

आता हे सगळं मला दवाखान्यातल्या बाकावर बसून आठवायला लागलं. बेंगळुरूत माझं कुणी नाही. बायको गावाकडे, फोनवर रडायची, म्हणून तिला अर्धंच सांगायचो. टोकन घ्यायचं, बसायचं, नंबर लागला की रक्त, मग एक्स-रे, मग परत बसायचं. बसून बसून मनात एकच चित्र यायचं. अण्णाला कटिंगच्या खोलीत कोंडायचं, मशीन कोरडं चालू करायचं आणि बाहेरून कडी लावायची. त्या चित्रानं मला भूक लागायची. खोटं नाही सांगत.

मॅडमनी जुने रिपोर्ट मागितले. मी माझा आणला, मल्लाप्पाचाही आणला, कारण त्यालाही धाप लागायची. त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि दोन्हींवरच्या रेघा बोटानं जुळवून बघितल्या. मग म्हणाल्या, "ही दोन माणसं नाहीत. ही एकच छाती आहे."

मी कागद परत पिशवीत घातले. त्यांनी पुढं विचारलं नाही. आजार कामामुळे झालाय असं सर्टिफिकेट त्यांनी मला लिहून दिलं आणि कामगार खात्याला कळवणं कायद्यानं भाग आहे, तेही मी कळवते असं म्हणाल्या.

बातमी शेडवर पोचली. मला तपासण्यांसाठी भरती करून घेतलं होतं. दोन दिवसांनी अण्णा वॉर्डात आला, हातात दोन शहाळी. माझ्या खाटेच्या कडेला बसला, पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, कामगार खात्याचे साहेब तपासायला येणार आहेत. आपल्याकडे तीन वर्षांचे नॉर्मल रिपोर्ट आहेत. "बीडी ओढायचो म्हणून सांग. तुझं काय जातंय त्यात?"

मी जन्मात बीडीला हात लावलेला नाही. क्लॅरिनेटला दम लागतो म्हणून. हे अण्णाला माहीत होतं. म्हणूनच तर त्यानं मला निवडलं होतं.

वरून त्यानं हळूच सांगितलं, "फुंकलंस तू. अडकशील तूच."

मी म्हटलं, सरी अण्णा, म्हणजे बरं अण्णा. दोन्ही शहाळी प्यालो.

साहेब शेडमध्ये आले त्या दिवशी मी रिक्षा करून गेलो. अण्णानं रिपोर्टांची फाईल टेबलावर मांडली होती. सगळे ओळीत उभे. मी पुढं झालो. धाप लागली होती, वाक्य दोनदा तोडावं लागलं.

"साहेब, ह्या बाराच्या बारा फुंका माझ्या आहेत. खोटं वाटत असेल तर मशीन आणा."

मशीन आलं. ह्या वेळी प्रत्येकानं आपापलं फुंकलं. बाकीच्या अकरांतल्या सहा जणांची फुंक अर्ध्यात तुटली. मल्लाप्पाची तर सुरू होतानाच. अण्णा रुमालानं तोंड पुसत होता आणि मला वाटलं, आता मेलो तरी चालेल, हे तोंड बघून झालं.

मग मल्लाप्पा माझ्याजवळ आला. ओरडला नाही. म्हणाला, "तीन वर्षांमागं नापास झालो असतो तर गावी गेलो असतो रे. क्लॅरिनेटवाल्या, माझी फुंक तू खाल्लीस."

अण्णाचा सूड घेता येतो. ह्याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

शेड बंद आहे. खटला चालू आहे. वकील म्हणतो, वेळ लागेल. अण्णाला वाटतं की तोवर आम्ही संपू. म्हणून मी मॅडमचं सगळं ऐकतो. लस घेतली, श्वासाचे व्यायाम करतो, धुळीच्या रस्त्यानं जात नाही. त्या मॅडमचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. मला जगायची हौस किती आहे ठाऊक नाही, पण तारखेला उभं राहायची आहे.

दर तीन महिन्यांनी मी आणि मल्लाप्पा एकाच बसनं दवाखान्यात जातो. तो माझ्याशी बोलत नाही. चढताना माझ्या खांद्याला धरतो.

पीएफटीच्या खोलीतल्या अक्काच्या हातात माझी फाईल असते, तरी मी तिला आधी माझं पूर्ण नाव सांगतो. ती हसते, नळी देते आणि म्हणते, ऊदि, ऊदि, म्हणजे फुंका, फुंका. मी अण्णाचं तोंड डोळ्यांपुढं आणतो आणि फुंकतो. मागच्या वेळी ती म्हणाली, होतं तेवढंच आहे, कमी झालं नाही.

मग मी उठतो आणि खुर्ची मल्लाप्पाला देतो. तो आपलं नाव स्वतः सांगतो.