नीलावहिनी आणि तोरेसेकाचा किल्लेदार

नीलावहिनी १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही सात मराठी विद्यार्थी होतो आणि स्वयंपाक येणारा एकही नव्हता. हेमचंद्र आमच्यातला सगळ्यात सीनियर, सिरॅमिक्समध्ये पीएचडी करणारा. त्याची बायको म्हणून ती आमची वहिनी झाली. पहिल्याच आठवड्यात तिने स्पष्ट सांगितलं, "श्रीरंग, मी शिकवीन. रोज करून घालणार नाही." आम्ही पोळ्या शिकलो. अजूनही माझी पोळी गोल होते.

ती वर्ध्याची. इतिहासात बी.ए. केलेली. तिचे वडील सरकारी दप्तरखान्यात जुने मोडी कागद वाचायचे, आणि सुट्टीत शेजारपाजारची मुलं खेळायला जात तेव्हा ते हिला मोडी शिकायला बसवत. "एकेक अक्षर बघू नकोस, लिहिणाऱ्याचा हात बघ," हे त्यांचं वाक्य तिने आम्हाला अनेकदा ऐकवलं होतं.

तिच्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घरात किती दिवस बसून राहणार? कॅम्पसची बस लायब्ररीच्या दारात सोडायची आणि आत हीटर चांगला होता, म्हणून ती तिथे जायला लागली. मग कोणाला तरी विचारून पहिल्या वर्षाच्या स्पॅनिशच्या वर्गात मागे बसली. दोन वर्षांनी तिची स्पॅनिश आमच्या इंग्रजीपेक्षा बरी होती. १९८५च्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या सेमिस्टरला, तिने प्रोफेसर रूथ केलर यांच्या सेमिनारला बसायची परवानगी मागितली. केलरबाई साठीच्या, उंच, मध्ययुगीन स्पेनवर तीस वर्षं काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "बसा. पण नुसतं बसायचं नाही, वाचायचं."

त्या सेमिस्टरला वाचायला होता डॉन लोपे. डॉन म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर गॉगल घातलेला माणूस यायचा, म्हणून आम्ही हसायचो. वहिनी चिडायची. "डॉन म्हणजे आपल्याकडे राव असतं ना, तसं." मग भाजी चिरता चिरता ती आम्हाला त्याची गोष्ट सांगायची.

सहाशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या सरहद्दीवर तोरेसेका नावाचा किल्ला होता. लोपे तिथला किल्लेदार, छोट्याशा सरदार घराण्यातला. राजाच्या भावाने बंड केलं. आजूबाजूच्या किल्लेदारांनी एकामागून एक दारं उघडून दिली. लोपेला तीन गावं इनाम देऊ केली, तर त्याने उत्तर पाठवलं, "किल्ला राजाचा आहे, मी फक्त दार सांभाळतो." बंड मोडलं, तरी सरहद्द शांत नव्हती. लोपे बावीस वर्षं तिथेच राहिला. केलरबाईंच्या लेखी तो सिंह होता. त्यांचं पुस्तक जवळजवळ लिहून झालं होतं, आणि त्यातलं मधलं प्रकरण एका पत्रावर उभं होतं: बंड संपल्यावर लोपेने राजाकडे दोनशे भाले मागितले, म्हणजे तो उलट चढाई करायच्या तयारीत होता.

मायक्रोफिल्मवरून काढलेली त्या पत्राची प्रत वहिनीने घरी आणली. दोन दिवस ती भिंग घेऊन बसली होती.

"हे भाले नाहीत," ती तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली. "लान्सास म्हणजे भाले. इथे लानास आहे. लोकर."

हेमचंद्र म्हणाला, "अगं, त्या बाई तीस वर्षं हे वाचतायत."

"वाचू देत. लान्सासमधल्या पहिल्या 'स'ला खाली शेपटी असते, हा लेखनिक ती डावीकडे ओढतो, सगळीकडे. इथे ते अक्षरच नाही, मागच्या बाजूची शाई फुटलीय. आणि पुढे लिहिलंय, उत्तरेच्या तटावर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. म्हाताऱ्यांना कोण भाले देतं?"

तरी आठवडाभर ती केलरबाईंकडे गेली नाही. शेवटी मीच तिला गाडीने डिपार्टमेंटला सोडलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबलो. दार उघडंच होतं. केलरबाईंनी भिंग घेतलं, कागद खिडकीशी नेला. तीच ओळ त्यांनी तीनदा पाहिली. मला वाटलं, संपलं.

मग त्या हसायला लागल्या. खुर्चीत बसून, डोळे पुसत.

"चौदा वर्षं मी त्या माणसाच्या हातात भाले देतेय," त्या म्हणाल्या, "आणि त्याला थंडी वाजत होती."

"सॉरी," वहिनी म्हणाली.

"सॉरी कशाबद्दल? उरलेली पत्रं कोण वाचणार? मी तर आता माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही."

तिथून वहिनीचे दिवस बदलले. डिपार्टमेंटने तिला रीतसर प्रवेश दिला, असिस्टंटशिप दिली. उरलेली एकोणीस पत्रं तिने वाचली आणि लोपे वेगळाच निघाला. दर वर्षी तो राजाला लिहायचा: गुडघे दुखतात, दुसरा कोणी पाठवा. दर वर्षी राजाचं उत्तर: तुमच्याइतका भरवशाचा कोणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एका पत्रात त्याने विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून आठ ओळी लिहिल्या होत्या. तिच्या वडिलांना तिने हे कळवलं, तेव्हा त्यांचं चार पानी पत्र आलं. त्यांच्या मते माणूस अस्सल होता, कारण नुसतं गोड लिहिणाऱ्या किल्लेदाराचा त्यांना अनुभव चांगला नव्हता.

सेमिनारमध्ये एकाने विचारलं, इतकी कुरकुर करणारा माणूस एकनिष्ठ कसा? वहिनी म्हणाली, "कुरकुर केली, पण दार सोडलं नाही. तीन गावं मिळत असताना तर नाहीच. न थकणाऱ्याचं मला कौतुक वाटत नाही."

१९८७मध्ये हेमचंद्रचे गाइड अचानक दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेले आणि त्याचं काम एक सेमिस्टर अडलं. तोवर वहिनी विद्यार्थी व्हिसावर होती, तेव्हा तो तिचा डिपेंडंट झाला. आम्ही त्याला 'भावजी' म्हणायला लागलो. त्याने मनावर घेतलं नाही. तिच्या थीसिसची संदर्भसूची त्याने टाइप केली आणि कढी करायला शिकला.

पुढच्या वर्षी तिचं एम.ए. झालं. थीसिसच्या शेवटच्या पानावर लोपेची सुटका होती. बावीस वर्षांनी राजाने दुसरा माणूस पाठवला. लोपे आपल्या गावी गेला, नासपतीची बाग लावली, आणि मरेपर्यंतची नऊ वर्षं शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून भांडला. तो खटला तो जिंकला. केलरबाईंचं पुस्तकही आलं, मधलं प्रकरण नव्याने लिहून. प्रस्तावनेत त्यांनी आपली चूक सविस्तर सांगितली होती आणि नीलाचं नाव पूर्ण, अचूक छापलं होतं.

१९८९च्या ऑगस्टमध्ये हेमचंद्रला टेक्सासमध्ये नोकरी लागली. तिथल्याच अर्विंग गावाजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात वहिनीला इतिहास शिकवायचं काम मिळालं. ट्रक भरायला आम्ही सगळे होतो. शेवटचं खोकं चढलं तेव्हा केलरबाई आल्या, हातात एक फोटोकॉपी. नवं पत्र सापडलं होतं.

"तारीख बघ. एप्रिल."

"एप्रिल नाही, ऑगस्ट वाटतोय," वहिनी म्हणाली.

दोघी ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरून उभ्या राहिल्या. हेमचंद्रने इंजिन चालू केलं, पाच मिनिटांनी बंद केलं, आणि खाली उतरून मला म्हणाला, "श्रीरंग, चहा टाक यार. इतक्यात निघत नाही आम्ही."