चष्मेवाल्या बाईंचं नवंकोरं घर

चष्मेवाल्या बाईंनी चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं लोकांना "आता खालची ओळ वाचा" असं सांगण्यात घालवली. निवृत्त झाल्या तेव्हा अर्ध्या वस्तीच्या डोळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. कुणाचा नंबर वाढलाय हे माणूस रस्ता कसा ओलांडतो यावरून त्या सांगत आणि छातीठोक सांगत. स्वतःचे गुडघे मात्र कामातून गेले होते. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावाने शंख. बाजारातून आल्या की दुसऱ्या मजल्यावर पिशव्या टेकवून बाई पाच मिनिटं इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करत आणि मग वर जात.

म्हणून घर विकायचं ठरलं. म्हणजे बाईंनी ठरवलं. त्यांचे यजमान छापखान्यातले जुने कंपॉझिटर. उभा जन्म छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, त्यामुळे अक्षरं उलटी वाचायची सवय आणि तोंडाने बोलायचा कंटाळा. तीन वर्षं हा विषय निघाला की त्यांचं एकच पालुपद, "मला इथंच बरं आहे." शेवटी बाईंनी तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट पाहिला, बयाणा दिला आणि मग घरी सांगितलं. दोन महिन्यांत जुनं घर विकलं गेलं नाही, तर बयाणाही बुडणार होता आणि तळमजलाही.

"मावशी, आहे तसं दाखवलंत तर मातीमोल जाईल," एजंट म्हणाला. "जरा हात फिरवा घरावरून."

हात फिरवायला बाईंकडे पैसे जेमतेम होते, पण घासाघीस करायची ताकद दांडगी होती. धूळ नको म्हणून यजमानांना तीन आठवडे नणंदेकडे धाडलं आणि पदर खोचला. स्वयंपाकघरातली कपाटं तीच ठेवून फक्त दारं बदलून घेतली. न्हाणीघरातली फरशी फोडायला मजुरी लागते, म्हणून जुन्या फरशीवरच नवी चिकटवून घेतली. जमीन बोटभर वर आली, पण बघणाऱ्याला काय कळतंय? दिव्याची बटणं हल्ली खाली असतात, म्हणून ती वीतभर खाली आणली. रंग त्यांनी स्वतः दिला, स्टुलावर चढून, गुडघ्यांना शिव्या देत.

सुताराने त्यात आपलीही अक्कल घातली. "बाई, झोपायच्या खोलीचं दार बरोब्बर मधोमध आहे. हॉलची सगळी भिंत वाया जाते. प्लायचीच तर आहे, दार कोपऱ्यात घेऊ. गिऱ्हाईक आधी भिंत बघतं."

बाईंना ते पटलं. दार कोपऱ्यात गेलं आणि हॉल दुप्पट मोठा दिसायला लागला. बाई स्वतःवरच खूश झाल्या.

यजमान दुपारी परतले. चार मजले नेहमीसारखे न थांबता चढले, उंबऱ्यात चपला नेहमीच्या जागी काढल्या आणि म्हणाले, "वा, छान झालंय."

"काय छान झालंय?"

"सगळंच."

आणि सरळ चालत जाऊन त्यांनी नव्या भिंतीवर कपाळ आपटलं.

बाई खो खो हसल्या. "तीन आठवड्यांत घर विसरलात! बहिणीने एवढं काय खायला घातलं?" तेही ओशाळं हसले आणि न्हाणीघराकडे वळले. तिथे वर आलेल्या फरशीला पाय अडखळला, ते धडपडले, दाराला धरून कसेबसे सावरले आणि दिव्यासाठी हात वर केला. त्यांचा तळवा कोऱ्या भिंतीवर फिरत राहिला. वर, खाली, पुन्हा वर. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. बटण त्यांच्या कोपरापाशी होतं.

बाई हसायच्या थांबल्या.

त्या त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि कानाच्या बाजूला दोन बोटं धरली. "किती?"

"काय किती?"

"अहो, माझा हात दिसत नाही?"

"समोर आण ना," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं.

दुकानात असली माणसं बाईंनी शेकड्यांनी पाहिली होती. काचबिंदू. कडेने दिसेनासं होत जातं, होत जातं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं, तेही धूसर.

"कधीपासून?"

"तीनेक वर्षं."

"अहो, पण दर वर्षी मी तपासते तुम्हाला! इथंच, घरात! शेवटची ओळ घडाघडा वाचता!"

"तो तक्ता मला पाठ आहे," कंपॉझिटर म्हणाले. "पहिल्यांदा दिसत होता म्हणून वाचत होतो. नंतर दिसेना, तरी वाचत राहिलो. डॉक्टरकडे जाऊन आलोय मी. थेंब घालतो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टरची फी वाचवायला बाईंनी दुकानातून टाकून दिलेला तक्ता घरी आणला होता, आणि आयुष्यभर अक्षरांत वावरलेल्या माणसाला वर्षानुवर्षं तीच अक्षरं दाखवली होती. बाई नव्या फरशीवर मटकन बसल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"घाबरलो. दुसरं काय?" ते म्हणाले. "या घरात मला काही बघावं लागत नाही. वाटलं, निभेल."

दुसऱ्या दिवशी बाई त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं: गेलं ते परत येत नाही, उरलंय ते वर्षभर टिकेल, नशीब असेल तर जास्त. घरी येऊन बाईंनी सुताराला बोलावलं.

"दार होतं तिथे परत बसव. बटणं वर घे."

"बाई, बरं आहे ना तुम्हाला? कालच तर रंग वाळलाय!"

"सांगते तेवढं कर." मग एजंटला फोन लावला. "घर विकायचं नाही. बयाणा बुडाला तर बुडू दे."

एजंट पलीकडून ओरडायला लागला. इतक्यात खुर्चीतून यजमान म्हणाले, "सुतारदादा, दार राहू दे तिथंच. आणि तू, घर विक. लवकर विक."

"अहो, वेड लागलंय का? तीन वर्षं तुम्हीच नको नको म्हणत होतात!"

"तेच चुकलं. हे घर मला पाठ आहे, कारण ते मी बघितलंय. ते नवं घर पाठ करायचं तर डोळे लागतील, थोडे का होईना. वर्षाने गेलो, तर तिथे मी आंधळा म्हणूनच शिरेन. तुला त्या घरात मी कधी पाहिलेलंच नसेल."

सुतार हातातला पेचकस चाचपत जमिनीकडे बघत राहिला. फोनमधून एजंट "मावशी? मावशी?" करत होता. बाईंना रडू फुटलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही. मग नाक पुसून त्या फोनवर म्हणाल्या, "विकायचंय. जो आधी येईल त्याला. आणि त्या तळमजल्याची किल्ली मला आत्ता हवी आहे."

फोन ठेवून त्यांनी यजमानांच्या चपला आणून पायांपाशी ठेवल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "अजून तीन तास उजेड आहे."