काळोख्या खोलीत उमटलेले बाबा

मस्कतला ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथे काल व्हिनेगर सांडलं आणि त्या आंबूस वासासरशी मी मालवणात, शेठच्या फोटो धुवायच्या काळोख्या खोलीत जाऊन पोचले.

त्या वर्षी बाबांची होडी बुडाली आणि ते परत आले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मी आठवीतून शाळा सोडली होती, आणि त्यांचा चेहरा विसरेन या भीतीने मला झोप लागत नसे. बंदरावर बर्फ वाहता वाहता पुढे बर्फाचा कारखाना आणि फोटो स्टुडिओ उभारलेल्या शेठनी आईला आणि मला बोलावून घेतलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या प्रत्येक खलाशाचा ते गुपचूप फोटो काढत आणि निगेटिव्ह जपून ठेवत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

लाल दिव्याखाली, त्याच आंबूस वासात, औषधाच्या पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आधी नारळ उमटला, मग हात, मग हसणारे बाबा.

"बघ गो, खंय गेलो नाय तुझो बापूस," शेठ म्हणाले.

"परत बटान लावूक नाय," फोटोतल्या सदऱ्याच्या उघड्या बटणाकडे बोट दाखवत आई रडत रडत म्हणाली. "कितीदा सांगलंय!"

तेव्हा मला ती जादू वाटली. आज वाटतं, वर्षानुवर्षं एवढे चेहरे त्यांनी जपले, आणि ते मागायची पाळी कुणावरच येऊ नये, असंही त्यांना दरवर्षी वाटत असणार.