मूळच्या कुठल्या?

तुर्कस्तानात, इझमीरमधल्या आमच्या छोट्या लॉजच्या मालकीण एमिनेबाई सकाळी चहा ओतत होत्या. आमच्या सहलीतले कुलकर्णी त्यांच्या हिरव्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

बाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आईची आई क्रीट बेटावरून बोटीनं आलेली, वडिलांची आई कॉकेशसच्या डोंगरांतली, आजोबा इथलेच, अनातोलियातले मेंढपाळ.

"म्हणजे अस्सल तुर्की नाहीच तुम्ही," कुलकर्णींनी निकाल दिला.

"याच घरात जन्मले मी. अजून काय करायला हवं होतं?" एवढं बोलून बाई किटली घेऊन आत गेल्या.

मी कप खाली ठेवला. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की त्याच्याही मागचं काहीतरी. हे उकरणं आपण परदेशातही लोणच्याच्या बरणीसारखं बरोबर नेतो. ज्या वाटेनं शतकानुशतकं माणसं आली, थांबली, एकमेकांच्या घरात सोयरीक करून राहिली, तिथे कसली भेसळ शोधायची? माणूस म्हणजे काय तूप आहे?

निघताना बाईंनी आमच्या बसमागे तांब्याभर पाणी ओतलं. प्रवाशानं पाण्यासारखं विनाअडथळा जावं आणि परत यावं, म्हणून तिकडे असं करतात.

कुलकर्णी खिडकीतून मागे बघत म्हणाले, "ही पद्धत मूळची कुणाची असेल हो?"

मी तोंड फिरवलं. बाईंनी ते पाणी त्यांच्यासाठीही ओतलं होतं, काहीही न विचारता.