आधी सासूबाई, मग मशीन

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी वहिनी राहते. नदी एकदा घरात शिरून गेली, तेव्हापासून तिने एक खूळच घेतलं. दर रविवारी ती पायांनी अधू झालेल्या सासूबाईंना खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून वर माझ्या घरी आणायची. खुर्चीची दुसरी बाजू अर्थातच माझ्या गळ्यात!

"मी काय सामान आहे?" सासूबाई जिन्यात कडाडायच्या.

"सामान असतात तर खालीच ठेवलं असतं," वहिनी धापा टाकत म्हणायची. "पाणी आलं की आधी माणूस. वस्तूंच्या मागे कुणी धावायचं नाही."

अख्खी गल्ली आम्हाला हसायची.

यंदा भर दुपारी पाणी आलं. मी खाली धावले, तर उंबरा बुडालेला आणि वहिनी शिलाई मशीनला मिठी मारून उभी. त्या मशीनवरच त्यांचं घर चालतं.

"एवढं वर नेऊ, मग लगेच आईंना," ती म्हणाली.

सासूबाई मात्र पलंगावरून स्वतःच खुर्चीत सरकल्या होत्या. ओढणी बांधलेली, कवळीसुद्धा तोंडात.

"सोड ते!" त्या गरजल्या. "इतके रविवार माझी हाडं खिळखिळी केलीस, ती काय गंमत म्हणून? उचल मला!"

वहिनीने मशीन सोडलं. जिन्यात सासूबाई पहिल्यांदाच गप्प होत्या.

वर पोचल्यावर वहिनी जिन्याकडे बघून रडायला लागली. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"पुढच्या रविवारपासून मशीनचीही तालीम," त्या म्हणाल्या. "पण आधी मी."