संमतिवयाच्या वादाला विरोधक मिळेना

बालविवाहाच्या बातम्या लिहून लिहून माझ्याकडे छापलेलं कमी आणि बातमीत न मावलेलंच जास्त साचलंय. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजची एक वादस्पर्धा तर एकटीच सगळ्यांना पुरून उरते!

विषय होता संमतिवयाचा कायदा. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहाचं बारा करायचं, एवढ्यावरून इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांनी सभा पेटवल्या होत्या. परीक्षक मी.

*

इतिहासाचे सर रडकुंडीला आलेले. "कायद्याच्या बाजूनं सगळे तयार. विरोधात बोलायला एक पोरगं मिळेना!"

"सर, बाहेर पानठेल्यावर चला. पाच मिनिटांत टीम तयार!"

*

खरंच गेलो. तिथले काका तावातावानं म्हणाले, "इंग्रजाले काय करा लागत होतं आपल्या पोरीबाळीचं?"

"काका, आता आपलंच सरकार आहे. कायदाही आपलाच."

"मंग तं त्यानं आपलं आयकाले पाह्यजे!"

बोला आता!

*

शेवटी विरोधी बाजू अकरावीतल्या कोमलनं मागून घेतली. तिचं लग्न ठरल्याची कुजबुज कॉलेजभर होती. मी तिच्या वडलांना, गजाननरावांना, गाठलं.

"लग्न कुठं साहेब? साखरपुडा हाये."

"साखरपुड्याला मांडव, बँड, हळद?"

"हाव. पोराकडच्यायले हौस हाये!"

साखरपुड्यातच लग्न उरकून टाकायची आमच्याकडे रीतच पडलीय. मी ग्रामसेवकाला फोन लावला. बालविवाह रोखायची जबाबदारी त्याची.

"साखरपुड्याला कायद्यात बंदी नाही हो भाऊ!" तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

*

स्पर्धेला प्रमुख पाहुणा कोण? तोच ग्रामसेवक! गजाननराव पहिल्या रांगेत.

कोमल कडाडली, "बापापेक्षा सरकारला मुलीची जास्त काळजी? सरकार कोण लागतं मुलीचं?" टाळ्यांवर टाळ्या! कायद्याच्या बाजूची पोरं गारद. माझा जळफळाट झाला, पण मार्क द्यावेच लागले. पहिला नंबर!

ढाल घेऊन तिनं बापाला स्टेजवर ओढलं, हातात माइक दिला. "बाबा, बोला ना दोन शब्द. पाहुण्यायले आवतन द्या."

गजाननरावांची छाती फुगलेली. "माह्या पोरीनं नाव काढलं! येत्या रविवारी तिचं लग्न हाये. समद्यायनं जेवाले या. ग्रामसेवक साहेब, तुम्ही बी या!"

ग्रामसेवक गळ्यातली शाल सारखी करू लागला.

कोमलनं माइक परत घेतला.

"साहेब, रविवारी जेवाले येता, का आजच काही करता?"