प्रति स्थळ

शनिवार पेठेत माझ्या वहिनीचं वधूवर सूचक केंद्र होतं. केंद्र कसलं, घराचीच पुढची खोली. मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी वहिनीच्या कॉम्प्युटरवर. आयटीची लाट आली होती. जो तो मुलगा अमेरिकेत, नाहीतर अमेरिकेला निघालेला. फोन नंबर, पगार, पत्रिका, सगळं मीच टाइप करायचे. त्यात माझंही एक स्थळ होतं. मी पस्तिशीची असताना वहिनीने हौसेनं घातलेलं. आता चाळिशी उलटली होती. कुणाला कधी बोलले नाही, पण मुलाकडचं कुणी जिना चढून आलं की अजूनही काळजात लक्कन हलायचं.

एक दिवस कुठून तरी नव्या कायद्याच्या सरकारी मसुद्याची झेरॉक्स आली. लोकांची माहिती कॉम्प्युटरमध्ये ठेवणाऱ्यांवर म्हणे देखरेख होणार. सगळ्यांनी नोंदणी करायची, शुल्क 'प्रति स्थळ' पाचशे रुपये, दरवर्षी. हरकती असल्यास कळवा.

वहिनी मटकन खाली बसली. "अगं बाई! एकेका स्थळाचे पाचशे? मी घेते तीनशे! मंगळसूत्र विकून भरू की काय?" सरकारचा यथेच्छ उद्धार झाला. मग म्हणाली, "वन्सं, बसा कॉम्प्युटरवर. जी जुळायची नाहीत ती आजच काढून टाकू."

कुठून सुरुवात करू, मी विचारलं.

"आधी तुमचंच काढा. घरचं आहे, कुणाला उत्तर द्यायला नको."

वाईट काही नव्हतं हो तिच्या मनात. गवार मोडता मोडता बोलली. तेच तर लागलं. भांडली असती तर मीही चांगलं सुनावलं असतं, मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण सहज बोललेल्याला काय सुनावणार? मी बटण दाबलं. मग मंगळाची, घटस्फोटित, कमी पगाराची, अशी एकेक करत निम्मी स्थळं गेली.

हरकतीचा अर्ज घेऊन कचेरीत मीच गेले. साहेबांनी तो वाचला आणि हसू दाबत म्हणाले, "अहो, स्थळ म्हणजे जागा! कॉम्प्युटर जिथे ठेवलाय ते ठिकाण. आपलं स्थळ एकच ना?"

"एकच होतं," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. म्हणाले, "मग वर्षाला पाचशे. तेही कायदा झाला तर." पुढे तो मसुदा कुठे बारगळला देव जाणे.

रिक्षा न करता चालत घरी आले. आता वहिनी माझंही स्थळ परत घालेल, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटत होती, या वयात हे काय, पण वाटत होतं खरं.

वहिनीने कपाळावर हात मारला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मेलं ते सरकारी मराठी!" लगेच कागदाचे फॉर्म काढले. ती वाचत गेली, मी टाइप करत गेले. माझा फॉर्म त्यात नव्हताच. घरच्या माणसाला कसला आलाय फॉर्म! तरी वाटलं, आठवेल तिला. प्रत्येक फॉर्म संपला की मी जरा थांबायचे. स्वतःचं मी स्वतः घातलं असतं तर कुणी अडवणार होतं का? पण नाही झालं ते माझ्याच्यानं.

शेवटचा फॉर्म झाला. वहिनीने गठ्ठा नीट केला, दोरी बांधली.

"आली ना हो सगळी परत?"

"आली," मी म्हटलं.